बिंदुप्रभारांचे विद्युत क्षेत्र संगणकावर काढताना: आधी आकडे, मग चित्र

विद्युत क्षेत्राचे चित्र काढणारा प्रोग्रॅम वीस-पंचवीस ओळींत लिहून होतो. पण त्यात एखाद्या ठिकाणी घनाऐवजी वर्ग पडला, वजाबाकी उलटी झाली किंवा सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले, तरी पडद्यावर बाणांची सुरेख नक्षी उमटतेच. चित्र चुकीचे आहे हे चित्राकडे पाहून कळत नाही. म्हणून या लेखातला क्रम नेहमीच्या उलटा आहे: हाताने चार आकडे काढायचे, प्रोग्रॅमकडून तेच आकडे मिळतात का ते पाहायचे, आणि चित्राकडे शेवटी वळायचे.

साधन म्हणून पायथन, त्यातले कोष्टकांच्या आकडेमोडीचे नमपाय आणि आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब घेतले आहे. तिन्ही विनामूल्य आहेत. संगणकावर काही बसवायची मुभा नसेल तर गूगल कोलॅबमध्ये ब्राउझरमधूनच सगळे चालते. ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅब वापरणाऱ्यांना पायऱ्या त्याच लागू पडतात. फरक पडतो तिथे सांगितले आहे. पायथन अगदीच नवे असेल तर मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. तिथून सुरुवात करावी.

लेखातली सूत्रे देवनागरीत आहेत. पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत खरोखर चालतात, त्यामुळे 'प्रभार' किंवा 'अंतर' हे नाव जसेच्या तसे ठेवता येईल. अंक मात्र इंग्रजीच टंकावे लागतात, आणि लिनस्पेस, मेशग्रिड यांसारखी फंक्शनांची नावे मूळ इंग्रजी स्पेलिंगनेच.

उदाहरण आणि हाताने काढलेले आकडे

दोन प्रभार घेऊ. डावीकडे क्ष = −५ सेंमी इथे +१ नॅनोकूलोम, उजवीकडे क्ष = +५ सेंमी इथे −१ नॅनोकूलोम. दोन्ही क्ष-अक्षावर, म्हणजे य = ० आणि झ = ०. हा झाला १० सेंमी लांबीचा द्विध्रुव.

कूलोम स्थिरांक ८.९८७५५ गुणिले १० चा ९ वा घात, म्हणजे ८९८.७५५ कोटी घ्या. (२० मे २०१९ पासून एसआय एकके नव्याने बांधली गेली, तेव्हापासून हा स्थिरांक अचूक ठरवलेला नसून मोजलेला आहे. फरक दहाव्या अंकाच्या आसपासचा, आपल्याला इथे बाधत नाही.) बारावीच्या सवयीने ९ गुणिले १० चा ९ वा घात घेतलात तर प्रत्येक उत्तर ०.१४ टक्क्याने जास्त येईल. ती चूक नव्हे, पण पडताळणी करताना हा फरक ओळखता आला पाहिजे.

एका प्रभारामुळे मिळणारे क्षेत्र = स्थिरांक × प्रभार ÷ अंतराचा वर्ग. यावरून कागदावर:

मध्यबिंदूपाशी प्रत्येक प्रभार ०.०५ मीटरवर आहे. एकाचे क्षेत्र ३५९५.०, दोघांची दिशा एकच (धनाकडून ऋणाकडे, म्हणजे उजवीकडे), म्हणून बेरीज ७१९०.० न्यूटन प्रति कूलोम. तिथले विभव (एकक प्रभारामागची स्थितिज ऊर्जा, व्होल्टमध्ये) मात्र शून्य. विभव शून्य म्हणून क्षेत्रही शून्य, हा गैरसमज इथेच मिटवून टाकावा.

मध्यबिंदूच्या वर ५ सेंमीवर (क्ष = ०, य = ०.०५) अंतराचा वर्ग ०.००५ येतो. उभे घटक एकमेकांना रद्द करतात, आडवे मिळून २५४२.१, उजवीकडे.

क्ष = ०.१५ मीटरपाशी धन प्रभार २० सेंमीवर, ऋण १० सेंमीवर. २२४.७ उजवीकडे, ८९८.८ डावीकडे, निव्वळ −६७४.१.

क्ष = १ मीटरपाशी ८.१५२ उणे ९.९५९, म्हणजे −१.८०६५. दूरच्या द्विध्रुवाचे नेहमीचे सूत्र (२ × स्थिरांक × प्रभार × लांबी ÷ अंतराचा घन) वापरले तर −१.७९७५ येते. अर्ध्या टक्क्याचा हा फरक खरा आहे, कारण ते सूत्र अंतराच्या मानाने द्विध्रुवाची लांबी नगण्य धरते. पुढे प्रोग्रॅममधून −१.७९७५ नव्हे, −१.८०६५ यायला हवे.

हे चार आकडे प्रोग्रॅमच्या फाइलच्या माथ्यावरच टिपणी म्हणून लिहून ठेवा.

मूळ फंक्शन

क्षेत्र सदिश असल्याने प्रत्येक घटक वेगळा काढायचा. एकक सदिश वेगळा न काढता स्थानांमधला फरक थेट वापरला, तर भागाकार अंतराच्या घनाने होतो: एक घात दिशा काढताना खर्च होतो, उरलेले दोन कूलोमच्या नियमाचे.

    क्षेत्र(क्ष, य, झ, प्रभारयादी):
        घटक१, घटक२, घटक३, विभव = ०.०
        यादीतल्या प्रत्येक प्रभारासाठी:
            फ१ = क्ष − प्रभाराचा क्ष
            फ२ = य − प्रभाराचा य
            फ३ = झ − प्रभाराचा झ
            अंतर = वर्गमूळ(फ१ वर्ग + फ२ वर्ग + फ३ वर्ग)
            घटक१ मध्ये मिळवा: स्थिरांक × प्रभार × फ१ ÷ अंतराचा घन
            घटक२ मध्ये मिळवा: स्थिरांक × प्रभार × फ२ ÷ अंतराचा घन
            घटक३ मध्ये मिळवा: स्थिरांक × प्रभार × फ३ ÷ अंतराचा घन
            विभवात मिळवा: स्थिरांक × प्रभार ÷ अंतर
        परत द्या: घटक१, घटक२, घटक३, विभव

चित्र प्रतलाचे असले तरी झ हा तिसरा निर्देशक सुरुवातीपासून ठेवावा. पुढे गोलावरची पडताळणी आणि कड्याचे उदाहरण याच फंक्शनने होते. नंतर झ घुसडायला गेले की कुठेतरी एक ओळ राहून जाते.

फरक नेहमी 'जिथे क्षेत्र हवे ते स्थान उणे प्रभाराचे स्थान' असा. उलटा घेतला तर प्रत्येक बाण उलटा होतो, आणि द्विध्रुवाच्या चित्रात ते सहज निसटते, कारण डावी-उजवी अदलाबदल झाल्यासारखेच ते दिसते. म्हणून पहिली चाचणी एकट्या धन प्रभारावर करा: आरंभबिंदूवर +१ नॅनोकूलोम ठेवा, क्ष = ०.१ इथे आडवा घटक +८९८.७५५ यायला हवा. मग क्ष = ०.२ घ्या, उत्तर बरोबर चौथाई, म्हणजे २२४.६८९ हवे. निम्मे येत असेल तर घनाऐवजी वर्ग झाला आहे. या चुकीतून येणारे चित्र विशेष फसवे असते, कारण ते निरर्थक नसते: बिंदुप्रभारांऐवजी प्रतलाला लंब असलेल्या लांबच लांब प्रभारित तारांचे ते बरोबर चित्र असते.

एकट्याची चाचणी जमली की वरचे चार आकडे काढून बघा. चारही जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. उत्तर दहा हजार पटीने चुकत असेल तर सेंटिमीटर मीटरमध्ये बदललेले नाहीत. शंभर कोटी पटीने चुकत असेल तर नॅनो विसरला आहात.

जाळी

आता प्रतलावर बिंदूंची जाळी. क्ष −०.२ ते ०.२ मीटर, २०० बिंदू; य −०.१५ ते ०.१५, १५० बिंदू. लिनस्पेसने दोन रांगा करा, मेशग्रिडला द्या, दोन कोष्टके मिळतील. झ साठी ०.० पुरतो.

२०० आणि १५० हे आकडे मुद्दाम निवडले आहेत. त्यामागे दोन कारणे आहेत.

पहिले, जाळीचा बिंदू नेमका प्रभारावर पडू नये. बिंदुप्रभारापाशी अंतर शून्य, त्यामुळे फंक्शनमध्ये शून्य भागिले शून्य होते. नमपाय थांबत नाही, फक्त इशारा देऊन क्षेत्राच्या जागी 'नॅन' ('ही संख्या नाही' अशी खूण) आणि विभवाच्या जागी अनंत भरतो. क्ष वर २०१ बिंदू घेतले असते तर घरे २०० झाली असती, अंतर बरोबर २ मिमी, आणि ५ सेंमीचा प्रभार १२५ व्या घराच्या टोकाशी सापडला असता. य ची संख्या विषम असती तर य = ० ही ओळही जाळीत आली असती. त्याहून वाईट म्हणजे दशांश अपूर्णांक संगणकात द्विमान पद्धतीने साठवले जातात, त्यामुळे ०.०५ आणि जाळीतला '०.०५' यांच्यात १० च्या −१७ व्या घाताइतका फरक राहू शकतो. मग नॅन न येता ३५ आकडी क्षेत्र येते आणि संपूर्ण चित्राची रंगपट्टी त्या एका बिंदूने खाऊन टाकली जाते. नॅन निदान दिसतो तरी.

दुसरे कारण, दोन्ही बाजूंची संख्या वेगळी असली की कोष्टक उलटेसुलटे झाल्याची चूक लगेच उघडी पडते. मेशग्रिडच्या कोष्टकात ओळी य च्या असतात आणि स्तंभ क्ष चे, म्हणजे आकार १५० × २००. २०० × २०० घेतले असते तर अदलाबदल झाल्याचे कुठेच कळले नसते. ऑक्टेव्ह आणि मॅटलॅबमध्ये तर हे फारच महत्त्वाचे: तिथे गुणाकार, भागाकार आणि घात यांच्या चिन्हांआधी टिंब द्यावे लागते, नाहीतर बिंदूवार हिशेबाऐवजी मॅट्रिक्सचा हिशेब होतो. चौरस कोष्टकावर तो बिनबोभाट पार पडतो आणि कचरा हाती देतो. १५० × २०० वर तोच प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो.

आणखी एक बारीक खाच. जाळी पूर्णांकांची केली आणि बेरजेसाठीचे कोष्टक 'झिरोज-लाइक'ने (दिलेल्या कोष्टकासारखेच, पण शून्यांचे कोष्टक देणाऱ्या फंक्शनने) तयार केले, तर तेही पूर्णांकांचेच होते आणि त्यात दशांश उत्तर मिळवताना नमपाय तक्रार करतो. सुरुवात ०.० ने करा.

प्रभाराजवळचा भाग झाका

प्रभाराच्या ५ मिमीच्या आतले बिंदू चित्रातून वगळणे सगळ्यात प्रामाणिक. त्या अंतरावर क्षेत्र सुमारे ३ लाख ६० हजार व्होल्ट प्रति मीटर (न्यूटन प्रति कूलोमचेच दुसरे नाव) असते. हवा साधारण ३० लाखांच्या आसपास विद्युतरोध सोडते, आणि एका नॅनोकूलोमच्या बिंदुप्रभाराचे क्षेत्र १.७ मिमीवर तिथे पोचते. त्याच्या आत 'हवेतला बिंदुप्रभार' ही कल्पनाच टिकत नाही, म्हणून तिथले आकडे जपण्यात अर्थ नाही. वगळायची रीत: क्षेत्र काढून झाल्यावर, ज्या बिंदूंचे कोणत्याही प्रभारापासूनचे अंतर ०.००५ पेक्षा कमी आहे तिथे नॅन भरा. मॅटप्लॉटलिब नॅन असलेली जागा रिकामी सोडतो. नमपायचे 'व्हेअर' वापरून भागाकार टाळल्यासारखे वाटते, पण ते दोन्ही पर्याय आधी काढून मग निवडते, त्यामुळे शून्याने भागल्याचा इशारा तरीही येतो.

अंतराच्या वर्गात एक छोटी संख्या मिळवून भागाकार 'मऊ' करायची युक्तीही प्रचलित आहे. कणांच्या गतीचे अनुकरण करताना ती लागते. स्थिर क्षेत्र काढताना ती टाळलेली बरी, कारण चूक फक्त जवळच राहत नाही. १ मिमीचा मऊपणा ठेवला तर १ सेंमीवरचे क्षेत्र दीड टक्क्याने कमी येते, ५ सेंमीवर ०.०६ टक्के.

दोन स्वतंत्र पडताळण्या

चार बिंदू जुळले म्हणजे फंक्शन बरोबर. संपूर्ण जाळी बरोबर आहे का ते बघायला दोन चाचण्या पुरतात.

पहिली: क्षेत्र हे विभवाच्या उताराचे उणे असते. नमपायच्या 'ग्रेडियंट'ला विभवाचे कोष्टक द्या, चिन्ह बदला आणि थेट काढलेल्या घटकांशी ताडून पाहा. इथे हमखास होणारी गफलत अशी: ग्रेडियंट पहिल्यांदा ओळींच्या दिशेचा, म्हणजे य चा उतार देतो, क्ष चा दुसऱ्यांदा. अक्षांच्या रांगाही त्याच क्रमाने, आधी य मग क्ष, द्यायच्या. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळणार नाहीत. जाळीच्या घराची लांबी भागिले प्रभारापासूनचे अंतर, याचा वर्ग केला की अपेक्षित चूक मिळते. २ मिमीच्या जाळीत २ सेंमीवर १ टक्का, १० सेंमीवर ०.०४ टक्के. जवळ १ टक्का चुकले तर ते ग्रेडियंटचे मर्यादित माप आहे, फंक्शनचा दोष नाही. घरे निम्मी केली की चूक चौथाई व्हायला हवी. होत नसेल तर दोष शोधा.

दुसरी: गाऊसचा नियम, म्हणजे बंद पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या क्षेत्राची एकूण बेरीज फक्त आतल्या प्रभारावर ठरते. धन प्रभाराभोवती ३ सेंमी त्रिज्येचा गोल घ्या. उत्तर ध्रुवापासूनचा कोन ६० समान भागांत, फेरीचा कोन १२० भागांत वाटा, प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर क्षेत्राचा बाहेरच्या दिशेचा घटक काढा आणि तुकड्याच्या क्षेत्रफळाने गुणून बेरीज करा. क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्येचा वर्ग × ध्रुवकोनाची ज्या (साइन) × दोन्ही कोनखंड. ती ज्या विसरली की ध्रुवांजवळचे चिमुकले तुकडे विषुववृत्तावरच्या तुकड्यांएवढे धरले जातात. उत्तर ४ × पाय × स्थिरांक × प्रभार, म्हणजे ११२.९४ च्या अगदी जवळ, ११२.९५ च्या आसपास यायला हवे. ऋण प्रभार गोलाबाहेर असल्याने त्याचा वाटा शून्य. मग आरंभबिंदूभोवती २० सेंमीचा गोल घ्या. दोन्ही प्रभार आत, बेरीज जवळपास शून्य.

गाऊसचा नियम सपाट चित्रातल्या वर्तुळावर लावायचा मोह होतो. तो तिथे लागू नाही. हे क्षेत्र त्रिमितीतले आहे आणि आपण त्याचा एक काप बघतो आहोत. प्रतलातल्या दोन घटकांचे अपसरण (क्षेत्र एखाद्या बिंदूतून बाहेर पसरण्याचे माप) प्रभार नसलेल्या जागीही शून्य येत नाही, कारण क्षेत्ररेषा प्रतलाच्या वर-खालीही पसरत असतात आणि तो भाग तिसऱ्या घटकात जातो. वर्तुळावरची बेरीज जुळत नाही म्हणून बरोबर प्रोग्रॅम 'दुरुस्त' करून बिघडवू नका.

आता चित्र

बाणांसाठी 'क्विव्हर'. पूर्ण जाळी दिली तर ३०,००० बाणांचा काळा गोळा होईल. दर आठवा बिंदू घ्या, म्हणजे साधारण २५ × १९ बाण. आपल्या चौकटीत क्षेत्र कोपऱ्यात सुमारे १०० आहे आणि झाकलेल्या भागाच्या काठावर साडेतीन लाखांवर. बाणांची लांबी क्षेत्राच्या प्रमाणात ठेवली तर प्रभाराजवळ चार भाले आणि बाकी सगळे ठिपके दिसतील. म्हणून प्रत्येक घटकाला क्षेत्राच्या परिमाणाने भागून सर्व बाण समान करा आणि परिमाण रंगातून दाखवा, तेही त्याचा दहाच्या पायाचा लॉग घेऊन. रंगपट्टीवर २ ते ५.५ अशी खूण पुरेल.

दोन्ही अक्षांचे प्रमाण समान ठेवणे अनिवार्य आहे. क्विव्हर बाणांचे कोन पडद्याच्या हिशेबाने काढतो. अक्ष ताणले गेले तर बाण समविभव रेषांना (समान विभवाचे बिंदू जोडणाऱ्या रेषांना) लंब दिसत नाहीत आणि गणितच चुकल्याचा भास होतो.

समविभव रेषांसाठी 'काँटूर'. पातळ्या स्वतः द्या, चढत्या क्रमाने: −४००, −२००, −१००, −५०, −२५, ०, २५, ५०, १००, २००, ४०० व्होल्ट. आपोआप निवडलेल्या समान अंतराच्या पातळ्या सगळ्या प्रभारांभोवती गोळा होतात. शून्याची रेषा दोन प्रभारांच्या बरोबर मधून सरळ उभी हवी.

क्षेत्ररेषांसाठी 'स्ट्रीमप्लॉट' सोपा आहे, पण तो रेषा पानभर सारख्या दाटीने पसरवतो. त्याच्या चित्रात रेषांच्या दाटीवरून क्षेत्राची तीव्रता वाचू नये. रेषा स्वतः काढायच्या तर धन प्रभाराभोवती ५ मिमीच्या वर्तुळावर १६ बिंदू घ्या, प्रत्येकापासून क्षेत्राच्या दिशेने १ मिमीची पावले टाका, ऋण प्रभाराच्या ५ मिमीच्या आत किंवा चौकटीबाहेर गेल्यावर थांबा. साध्या ऑयलर पद्धतीने (पावलाच्या सुरुवातीची दिशाच पाऊलभर धरून) वक्र रेषा हळूहळू बाहेर सरकते आणि ऋण प्रभाराला चुकवू शकते. चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत (एका पावलात दिशा चारदा तपासणारी) घेतली तर याच पावलांत रेषा जागेवर राहते.

प्रभार वाढले की

हजार प्रभार आले की लूप काढून सगळे एका झटक्यात करावेसे वाटते. ३०,००० बिंदू × १,००० प्रभार × ८ बाइट, म्हणजे एकेका कोष्टकाला २४ कोटी बाइट, आणि तीन फरक, अंतर, घन अशी पाच-सहा कोष्टके. लॅपटॉपची स्मृती तिथे विनाकारण अडकते. वरच्या फंक्शनसारखा प्रभारांवर लूप आणि बिंदूंवर नमपाय, ही मांडणी जास्त चांगली: एका वेळी प्रत्येक कोष्टक जेमतेम २ लाख ४० हजार बाइटचे.

सलग प्रभाराचेही असेच तुकडे करता येतात. झ-अक्षाला लंब असे ५ सेंमी त्रिज्येचे कडे घ्या, एकूण १ नॅनोकूलोम, १०० समान बिंदुप्रभारांत वाटलेला. अक्षावर क्षेत्र सर्वाधिक कुठे? त्रिज्या भागिले २ चे वर्गमूळ, म्हणजे झ = ३.५४ सेंमीवर, आणि तिथे ते १३८३.७ न्यूटन प्रति कूलोम. प्रोग्रॅम हा आकडा बिनचूक देईल. पण १०० ऐवजी तीनच प्रभार घेतले तरी तो हाच आकडा देतो, कारण अक्षावरचा बिंदू सर्व तुकड्यांपासून समान अंतरावर असतो आणि आडवे घटक सममितीने कटतात. म्हणजे तुकडे पुरेसे बारीक आहेत की नाही, हे अक्षावरची चाचणी मुळीच सांगत नाही. त्यासाठी अक्षाबाहेरचा बिंदू घ्या, कड्यापासून १ सेंमी दूर, आणि १०० व २०० तुकड्यांची उत्तरे शेजारी ठेवा. १०० तुकड्यांत दोन प्रभारांमधले अंतर ३.१ मिमी होते. कड्याच्या तेवढ्या जवळ गेलात की प्रोग्रॅमला कडे दिसत नाही, सुटे मणी दिसतात, आणि तिथले क्षेत्र हवे असेल तर तुकडे वाढवण्याला पर्याय नाही.